नंबर लागतलो काय?

माझ्या बहिणीची मुलगी जानकी मालवणात बसून अख्ख्या जिल्ह्यातल्या पोरांचं भविष्य सांगते. हात बघून नव्हे. तसं असतं तर मीच तिला झाडूने हाणलं असतं. तिची वेबसाइट आहे. मुलाने सीईटीचा निकाल आणि प्रवर्ग टाकायचा, की इंजिनीअरिंगच्या कुठल्या कॉलेजात नंबर लागायची किती शक्यता आहे ते टक्क्यांत समोर येतं. वेबसाइटचं नाव ‘नंबर लागतलो काय?’ पुण्याच्या तिच्या जुन्या ऑफिसातले लोक हे नाव ऐकून हसले म्हणे. आमच्याकडे कोणी हसलं नाही. बारावीचं मूल घरात असलं की जुलैत दुसरा प्रश्नच नसतो.

मी सुगंधा. ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात बत्तीस वर्षं कारकुनी केली आणि तेवढी वर्षं पालकांना ओरडले. ‘दाखला आणलात? झेरॉक्स खंय आसा?’ मुलं मला घाबरायची, आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं. निवृत्त झाल्यावर ओरडायला कोणी उरलं नव्हतं. तेवढ्यात जानकी नोकरी सोडून परत आली. नवरा जहाजावर, ही घरात लॅपटॉप घेऊन. मला म्हणाली, ‘‘मावशे, माका मदत कर.’’ मी वाट बघतच होते.

पोरगी कामाला वाघ आहे. पाच वर्षांच्या प्रवेशाच्या याद्या तिने आकडा न् आकडा तपासून भरल्या. उत्तराखाली ठळक अक्षरांत ओळ टाकली: ‘सत्तर टक्के म्हणजे दहातल्या तिघांचा नंबर लागत नाही.’ मी म्हटलं, असं लिहिलंस तर लोक घाबरतील. ती म्हणाली, घाबरूदेत, पण फसू नयेत.

मुलांना काय काय विचारायचं हे ठरवताना मात्र तिने माझा सल्ला घेतला. ज्या विद्यापीठाच्या हद्दीत बारावी केली, ते मुलाचं घरचं विद्यापीठ; आणि बऱ्याच कॉलेजांत जास्त जागा घरच्या मुलांना. तिने विचारलं, ‘‘बारावी खंय केलीत, ह्यां वेगळां विचारूक व्हया काय?’’ मी उचलली जीभ लावली टाळ्याला. ‘‘कित्याक? आपली पोरां आपल्याच जिल्ह्यात शिकतत. जिल्हो विचार, विद्यापीठ मुंबई. झालां!’’ बत्तीस वर्षं एकाच खुर्चीत बसलं की माणसाला सगळा जिल्हा त्या खिडकीतूनच दिसतो.

यंदा पसंतीक्रमाचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी पाचपर्यंत मुदत. अकराच्या सुमारास जानकीला फोन आला. ती टाइप करत होती म्हणून स्पीकर लावला. फोंडाघाटची भक्ती नावाची मुलगी बाजारातून बोलत होती.

‘‘मॅडम, थँक्यू म्हणायला फोन केला. काल फॉर्म भरून कन्फर्म केला. तीनच कॉलेजं टाकली, तिन्ही मुंबईची. तुमच्या साइटवर चौऱ्याऐंशी टक्के आलेत ना! बाबा म्हणतात, या पहिल्या यादीत नाव आलं तर इंजिनीअरिंग, नाहीतर इथेच बी.ए. दोन वर्षं कोल्हापूरला मामाकडे राहून बारावी केली, आता मुंबई! ठेवते हां, घरी रेंज नाही, शेतात भाताच्या लावणीला जायचंय.’’

फोन बंद झाला. मी मोरीपाशी बांगडे साफ करत होते. हातातली सुरी तशीच राहिली.

‘‘जानकी,’’ मी म्हटलं, ‘‘ता चेडू बारावी खंय केलां म्हणालां?’’

तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. कोल्हापूर म्हणजे वेगळं विद्यापीठ. मुंबईच्या कॉलेजांसाठी भक्ती बाहेरची. जानकीने हाताने हिशेब केला. चौऱ्याऐंशी नव्हे, नऊ टक्के. आणि जिथे तिचा नंबर लागायची खरी शक्यता होती, ते कोल्हापूरचं कॉलेज तिने यादीत टाकलंच नव्हतं. फोन लावला, तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

खरं ते सांगते. माझ्या मनात पहिला विचार त्या मुलीचा आला नाही. मी म्हणाले, ‘‘गपचूप दुरुस्त कर. झाकली मूठ सव्वा लाखाची. कोणाक कळूचां नाय.’’

जानकी माझ्याशी भांडली नाही. तिने साइटच्या पहिल्या पानावर, सगळ्यांत वर, लाल अक्षरांत लिहिलं: ‘बारावी जिल्ह्याबाहेर केलेल्या मुलांना या साइटने चुकीचे टक्के दाखवले आहेत. चूक माझी आहे. पाच वाजायच्या आत फॉर्म बदला. अडलं तर मला फोन करा. जानकी.’ खाली स्वतःचा नंबर.

‘‘माजां नाव घाल,’’ मी म्हटलं. ‘‘मी सांगलंय तुका.’’

‘‘तू सांगलंस, मावशे. पण न तपासता लिवलंय मी.’’

जिल्ह्यातल्या चारशे बारा मुलांनी आपला मोबाइल नंबर टाकून साइट वापरली होती. तिने सगळ्यांना मेसेज टाकला आणि आम्ही दोघी दोन फोन घेऊन बसलो. एक बाप मला नाही नाही ते बोलला. एरवी मी त्याला सोडला नसता. त्या दिवशी ‘होय साहेब, चुकलां’ म्हणत राहिले. दीड वाजेपर्यंत जिल्ह्याबाहेर शिकलेली एकतीस मुलं सापडली. तिसांचे फॉर्म बदलून झाले. राहिली भक्ती.

‘‘रेनकोट घाल,’’ जानकी म्हणाली.

मालवण ते फोंडाघाट स्कूटरवर, भर पावसात, या वयात! कणकवलीपर्यंत माझ्या कमरेने मला सगळ्या देवांची नावं घ्यायला लावली. जानकीने फक्त एकदा थांबून पुन्हा फोन लावून बघितला. बाजारात चौकशी केल्यावर घर सापडलं. चार वाजून गेले होते. भक्ती शेतात लावणी करत होती, गुडघाभर चिखलात. जानकी चपला काढून तशीच शेतात उतरली आणि भक्तीपाशी पोचायच्या आधीच तिने सगळं सांगून टाकलं. मुलगी रोप हातात धरून उभीच राहिली.

कन्फर्म केलेला फॉर्म उघडायला तिच्याच मोबाइलवर ओटीपी यायला हवा होता, आणि रेंज होती ती घाटाच्या पहिल्या वळणावर. आम्ही तिघी एका स्कूटरवर. मागून तिचा बाप गणपत मोटारसायकल घेऊन. वळणावर, माझ्या छत्रीखाली, जानकीने तिला खरे आकडे दाखवले. मुंबई नऊ, कोल्हापूर एक्याऐंशी.

भक्तीने डोळे पुसले. मग म्हणाली, ‘‘मुंबई पहिल्या नंबरावर ठेवली तर कोल्हापूर हातचं जातं का?’’

‘‘नाही. वरचं मिळालं नाही तरच खालचं बघतात.’’

‘‘मग राहूदे मुंबई वर. शंभरात नऊ जणांना मिळतंच की.’’

जानकी त्या दिवशी पहिल्यांदा हसली. ‘‘बरोबर. मी पण हेच सांगणार होते.’’ पाच वाजायला आठ मिनिटं असताना फॉर्म कन्फर्म झाला.

तोवर गणपत मोटारसायकलपाशी थांबला होता. आता पुढे आला. ‘‘तुमी इल्यात नसतात, तर माज्या चेडवाचां काय झालां असतां?’’

‘‘नुकसान झालां असतां, काका,’’ जानकी म्हणाली. ‘‘माज्यामुळे.’’

पाऊस, रेंज, सरकारी नियम, कशाकशावर ढकलता आलं असतं. मला राहवलं नाही. ‘‘तिच्यामुळे नाय. जिल्हो विचारलो की झालां, ह्यां मी सांगलंय. माका कळता असां वाटलां म्हणान.’’ जन्मात पहिल्यांदा मी चारचौघांत असं बोलले, आणि ते या पोरीकडे बघून. ऑफिसात किती मुलांचे अर्ज माझ्यामुळे अडकले असतील; मी कुणाच्या दारात गेले नव्हते.

गणपत मुलीला मागे बसवून निघून गेला. परतीच्या वाटेवर मला वाटलं, आता हा माणूस गावभर सांगणार आणि वेबसाइट बुडणार. जानकीला तसं म्हटलंही. ‘‘सांगूदेत,’’ ती म्हणाली, ‘‘खरांच आसा.’’

यादी लागली त्या दिवशी सकाळी जानकीचा फोन वाजला. गणपतच होता. मी स्पीकर लावायला सांगितलं आणि उगाच पदर सारखा केला.

‘‘कोल्हापूर लागलां,’’ तो म्हणाला. ‘‘आता दुसरां आयका. धाकटी पुढच्या वर्षाक बारावीक आसा. तिचां काय ता तुमीच बघूचां.’’

जानकी म्हणाली, ‘‘काका, पुन्हा चूक होऊ शकते.’’

‘‘होऊदे. चुकलात तर सांगूक येतलात, ह्यां माका ठावक आसा.’’