मधली डबी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची डबी आहे. तळहातावर मावते. दिसायला काळीसावळी, दोन्ही बाजूंना वायर खुपसायला एकेक भोक. माझ्यात खाऊ नसतो आणि हलवलं तर मी वाजतही नाही. तरी एका माणसाने मला वर्षानुवर्षं शर्टाच्या खिशात बाळगलं, म्हणून माझी हकीकत तुम्हाला सांगावीशी वाटते.

तो माणूस सभा-समारंभांत माइक लावायचं काम करी. कान इतके तिखट की सोबती त्यांना 'कानसेन' म्हणत. सगळे माइक ज्या यंत्राला येऊन मिळतात त्याला मिक्सर म्हणतात. स्वयंपाकघरातला नव्हे, आवाजाचा. मिक्सरमधून निघणारा आवाज दांडगा असतो, कारण त्याला लांबचा पल्ला गाठायचा असतो. व्हिडिओ कॅमेऱ्याचा कान मात्र नाजूक. त्याला माइकची कुजबुज ऐकायची सवय. दांडगा आवाज थेट त्याच्यात सोडला की शब्द फाटतात, आणि फाटलेला शब्द शिवता येत नाही. म्हणून कानसेनांनी एका मोडक्या रेडिओचा पत्रा कापला, आत जोर अडवणारे बारीक भाग बसवले, कथिलाचा डाख दिला आणि माझा जन्म झाला. दांडग्याला दमात घेऊन नाजुकाच्या हाती अलगद सोपवायचा, एवढंच माझं काम.

ते मी पुष्कळ वर्षं केलं. लग्नं झाली, निरोपसमारंभ झाले, शाळेतली नाटकं झाली. कॅमेरावाले आधी हसत, "कानसेन, ही तपकिरीची डबी कशाला?" म्हणत. घरी जाऊन चित्रण ऐकलं की तेच दुसऱ्या खेपेला म्हणत, "डबी आणलीत ना?" अशा वेळी मला पत्र्याच्या अंगावरही मूठभर मांस चढल्यासारखं वाटे.

पुढे कानसेन थकले. कामं कमी झाली, आणि मी कपाटातल्या पिशवीत वायरींच्या गुंत्यात पडून राहिले.

मग त्यांच्या घशात दुखणं निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, जीव वाचेल पण आवाज जाईल. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांच्या मुलीने ठरवलं, बाबांचा आवाज नीट टिपून ठेवायचा. मामा आपला नवा कॅमेरा घेऊन आला. बाहेरच्या खोलीतला पंखा बंद केला, फ्रीज बंद केला, खिडक्या लावल्या. कानसेनांचा आवडता माइक आणि जुना मिक्सर टेबलावर मांडला. पिशवी रिकामी करताना मुलीने मला हातात घेतलं.

"ही लागेल का रे मामा?"

"कशाला? वायर थेट बसतेय की. मधे आणखी एक लोढणं नको."

वायर खरोखरच बसली. मला टेबलाच्या कडेला ठेवलं. कानसेन आजवर नेहमी यंत्रांमागे बसले. त्या दिवशी पहिल्यांदाच ते माइकसमोर होते. मागे काय जोडलंय ते त्यांना दिसत नव्हतं.

ते बराच वेळ बोलले. बायको गेली तेव्हा मुलगी लहान होती. तिला जे कधी सांगितलं नव्हतं ते त्यांनी सांगितलं: आई कशी हसायची, भांडताना कशी अडखळायची. मुलगी मिक्सरचा हेडफोन कानाला लावून ऐकत होती. प्रत्येक शब्द स्वच्छ होता. बोलणं संपलं, ते उठून आत आडवे झाले.

मग कॅमेऱ्यावर लावून पाहिलं. नुसती खरखर. पत्र्यावर पत्रा घासावा तसा आवाज. शब्द एकही धड नाही.

"मिक्सरवर तर छान येत होतं गं," मामा म्हणाला.

कानसेन भिंतीला धरून बाहेर आले. त्यांनी कॅमेऱ्याला हेडफोन लावून थोडं ऐकलं. रागावले नाहीत. "काय मेहुणे, डबीला सुट्टी दिलीत?" त्यांचा घसा बसला होता, हवाच जास्त येत होती. त्यांनी आपल्या हाताने मला मधे जोडलं आणि पुन्हा खुर्चीत बसले.

"मिक्सरचा आवाज खाली घे, बाळ. अजून. कॅमेऱ्यावर ऐकतेयस ना? कानाला टोचतं का?"

"नाही, बाबा."

"खरखर?"

"तुमच्या घशाची आहे तेवढीच."

"ती राहू दे. ती माझी आहे." मग ते म्हणाले, "तुझी आई..." आणि पुढे आवाज फुटेना. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, मग हात वर करून 'पुरे' अशी खूण केली.

ऑपरेशननंतर ते पाटीवर लिहीत. पाटीवर मावेल तेवढंच. पुढच्या वर्षी ते गेले.

त्या दुसऱ्या खेपेच्या चित्रणाचा तुकडा मुलीजवळ आहे. माझ्यातून गेलेला प्रत्येक शब्द त्यात स्वच्छ आहे. आईबद्दल त्यात दोनच शब्द आहेत. मुलगी ते ऐकते, थांबवते, आणि कॅमेरा जागेवर ठेवते.

मित्रांनो, माझ्यासारखी डबी बाजारात मिळते, नाही मिळाली तर करता येते. पण तुमच्या घरात कुणाचा आवाज टिपायचा असेल, तर दुखण्याची वाट पाहू नका. आणि टिपून झालं, की माणूस खुर्चीवरून उठायच्या आत ते एकदा कॅमेऱ्यावर ऐकून पाहा.