चांदीचं डावं शिंग

दिवाळीच्या पाडव्याला कसबा बावड्यात म्हशी नटतात. शिंगं रंगवायची, कपाळाला मोरपिसं बांधायची आणि सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलच्या मागं त्यांना पळवायचं. मागच्या वर्षी पिराजीची म्हैस चांदी अशी काही पळाली, की हंबीरतात्यांच्या राणीकडं कुणी ढुंकूनही बघितलं नाही. तात्यांना ते वर्षभर सलत होतं.

यंदा तरुण मंडळानं संध्याकाळी चौकात पडदा लावून गेमची स्पर्धा ठेवली. गेम तात्यांच्या पुतणीनं, स्वप्नालीनं केलेला. जुन्या टीव्ही गेमसारखाच ठोकळ्याठोकळ्यांचा. एक म्हैस पळते, खड्ड्यांवरून उड्या मारते आणि वेळ संपायच्या आत, जिथं म्हशी पिळून ताजं दूध विकतात त्या दूध कट्ट्यावर पोचते. पिराजीनं नाव दिलं म्हटल्यावर तात्यांनीही दिलं.

सरावाला बसले आणि उडालेच. "ही पिराजीची चांदी हाय!"

"तात्या, चार ठोकळ्यांचं शिंग हाय ते," स्वप्नाली म्हणाली.

"डावं शिंग खाली वळलंय. म्हस वळखाय येत न्हाय व्हय मला?"

म्हातारा चुकला नव्हता. पोरीनं गेल्या पाडव्याचा फोटो बघूनच चित्र काढलं होतं. तिनं मुकाट्यानं शिंग वर वळवलं आणि पडद्यावर राणी उभी राहिली. तात्या खुलले. पण पहिला खड्डा आला आणि त्यांनी रिमोटवरचा हात काढून घेतला.

"मारा की उडी!"

"गाभण हाय गं ती."

"गोठ्यातली गाभण हाय, तात्या. ही न्हवं!"

कसंबसं बटण दाबलं, तर राणी धपकन खड्ड्यात. तात्या चहा तसाच टाकून गोठ्यात गेले आणि राणीचे चारही पाय चाचपून आले. दुसऱ्यांदाही तेच. असं खेळून पिराजी हरणार होय? तात्या विचारात पडले आणि मग मिशीतल्या मिशीत हसले.

"पोरी, शिंग परत खाली कर."

"आता काय झालं?"

"चांदी पडली तर माझ्या बाऽचं काय जातंय?"

आणि खरंच, चांदी आल्यावर तात्यांचा हात सैल सुटला. ती खड्ड्यात पडली की ते मांडीवर थाप मारून हसायचे आणि पुन्हा पळवायचे. पडता पडता सगळ्या उड्या पाठ झाल्या.

पाडव्याच्या संध्याकाळी चौक गच्च भरला. पहिली पाळी पिराजीची. पडद्यावर म्हैस दिसताच तो ओरडला, "आरं, ही तर माझी चांदी!" पहिल्या खड्ड्याशी त्यानं तिला जी उभी केली, ती केलीच. "न्हाय मारत उडी. पाय मोडला तर कोण भरून देणार?" वेळ संपली. चौक खो खो हसला. तात्यांनी मिशीला पीळ दिला.

मग तात्या बसले. चांदी सुसाट निघाली. मागं पिराजीचा जीव टांगणीला. "सावकाश, हंबीरराव! पाय जपा तिचा!" तात्यांना गुदगुल्या होत होत्या. शेवटच्या खड्ड्याशी मात्र पिराजीनं त्यांचा खांदा गच्च धरला. खोटं कशाला सांगा, तात्यांनाही त्या चार ठोकळ्यांच्या पायांची काळजी वाटली. त्यांनी श्वास धरून बटण दाबलं. चांदी अलगद पलीकडं उतरली आणि कट्ट्यावर जाऊन उभी राहिली.

हलगी कडाडली. मंडळाच्या अध्यक्षानं माईक उचलला, "कोण जिंकलं रं?"

सगळा चौक एका आवाजात ओरडला, "चांदीऽऽ!"

गुलाल उधळला तो पिराजीवर. पोरांनी त्यालाच खांद्यावर घेतला. तात्या रिमोट धरून तिथंच बसून राहिले. पिराजी खांद्यावरनं उतरला, धावत आला आणि त्यानं तात्यांच्या तोंडात अख्खा पेढा कोंबला. "तुमच्यामुळं यंदा बी मान चांदीलाच मिळाला की, हंबीरराव!"

स्वप्नाली पदराआड हसत होती. तात्यांनी पेढा गिळला आणि तिला जवळ बोलावून हळूच दम भरला.

"घरी गेल्यावर गोठ्यात ह्यातला चकार शब्द बोलायचा न्हाय. राणीला कळता कामा नये."