तीन ते एकवीस मिलिमीटर

मंगळवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी दिवेआगरमधल्या जयमाला कासारे यांच्या नव्या स्वयंपाकघरात, सिंकच्या कपाटाखालून एक खेकडा बाहेर आला. पेढ्याएवढा होता. फरशी तिरकी ओलांडून तो मागच्या दाराशी पोहोचला. तिथे जयमालाने त्याला केरसुणीने अंगणात लोटलं. मग ती गुडघ्यांवर बसली आणि टेप काढून मोजू लागली.

कपाटांची ओळ आठ फुटांची. तिची खालची पट्टी आणि फरशी यांच्यात डाव्या टोकाला तीन मिलिमीटर जागा होती. उजवीकडे, सिंकपाशी, एकवीस.

होमस्टेच्या परवान्यासाठी गुरुवारी अकरा वाजता पाहणी व्हायची होती. अर्जातला सातवा रकाना स्वयंपाकघराचा होता: किडा, उंदीर शिरेल अशी फट नसावी. या वेळी नाव मागे राहिलं तर पुढची पाहणी थेट दिवाळीनंतर, म्हणजे हंगामाची सुरुवात हातची जाणार. जयमालाने चौदा वर्षं गावातल्या दुसऱ्यांच्या होमस्टेत स्वयंपाक केला होता. या दोन खोल्या तिच्या स्वतःच्या होत्या.

तिने दोन फोन केले. पहिला रत्नपालला. हा तिचा चुलत दीर, बोर्लीत राहणारा, फरशी त्याने बसवलेली. दुसरा पेणच्या मितेशला. कपाटं त्याची. रत्नपाल नऊ वाजता आला. मितेश त्या दिवशी श्रीवर्धनला कामावर होता, तो साडेदहाला पोहोचला.

"वहिनी, माझ्या फरशीत खोट असेल तर दाखवा," रत्नपाल म्हणाला. त्याने तांब्याभर पाणी घेऊन डाव्या टोकाशी ओतलं. पाणी कुठेही न रेंगाळता आठ फूट चालत गेलं आणि सिंकजवळच्या कोपऱ्यातल्या जाळीत उतरलं. "ढाळ बघा. थेंब थांबला?"

मितेशने ओट्यावर पाणसळ ठेवली. बुडबुडा मध्यावर. दुसऱ्या टोकाला ठेवली. बुडबुडा मध्यावर.

"आपलं काम लेव्हलमध्ये आहे, ताई. आता बोला."

"आठ फूट काम केलंस, मितेशशेठ, पन एकदा वाकून खाली बघितलं न्हाईस," रत्नपाल म्हणाला.

"काका, ओटा सरळच बसतो. उतारावर बसवला असता तर कढईतलं तेल एका बाजूला गेलं असतं, आणि शिव्या मलाच. आणि मॉड्युलर किचन धुतं कोण आता? सगळे पुसतात."

"तुमच्या पेणला पुसत असतील. हितं धुतात."

"धुनारच," इंदूबाई दारातून म्हणाल्या. जयमालाच्या सासूबाई रोज संध्याकाळी मासळीचं काम आटोपलं की स्वयंपाकघरात चार बादल्या ओततात. "फडकं फिरवून बांगड्याचा वास जातो व्हय रे?"

मितेशने खिशातून मोबाइल काढला. "ताई, वाईट वाटून घेऊ नका. कपाटं बनवायच्या आधी मी विचारलं होतं. तुमचा व्हॉइस मेसेज आहे."

त्याने जयमालाचा आवाज लावला. अकरा जुलैचा. *फरशी एकदम सपाट असणार. आम्ही आता पुसूनच घेणार, धुणंबिणं बंद.*

रत्नपाल हसला नाही. त्यानेही आपला मोबाइल काढला आणि बराच वेळ बोट फिरवत राहिला. सापडला तो आवाजही जयमालाचाच होता. एकोणीस जुलै. *भावोजी, ढाळ चांगला द्या, आईंना चार बादल्या ओतायच्या असतात.*

"अगो," इंदूबाई म्हणाल्या, "माझ्या सुना दोन हायत आनि मला ठाऊक न्हाय?"

जुलैत मितेश कपाटांचं पुस्तक घेऊन आला होता. त्यातल्या प्रत्येक चित्रात पांढरी, कोरडी जमीन होती. किचन धुता का, असं त्याने परत गेल्यावर मेसेजवर सहज विचारलं होतं. तिने जिथे जिथे काम केलं, तिथल्या पाहुण्यांनीही हे विचारलेलं होतं, थोडं हसत. ती नाही म्हणून गेली. आठवड्याने रत्नपाल खडी टाकायला येणार होता, तेव्हा त्याला मेसेज करताना तिने खरं ते सांगितलं. दोघांना दोन गोष्टी सांगितल्यात हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

आता आलं. तिने टेप गुंडाळून ओट्यावर ठेवला.

"चूक माझी. ती मी घेतली. आता फट कोण घेतंय ते बोला."

दोघांनी फटीकडे पाहिलं.

"पांढरं सिमेंट भरतो," रत्नपाल म्हणाला. "तासाभराचं काम."

"महिन्यात तडकेल. प्लायवूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. मी सिलिकॉन मारतो."

"एकवीस मिलिमीटर सिलिकॉन? उंदराला जेवण वाढतोस काय?"

"झालं," जयमाला म्हणाली. "दुसऱ्याच्या कामातलं तुम्हाला सगळं कळतं. मग असं करा. जमिनीला चिकटेल ते भावोजींनी करायचं, कपाटाला चिकटेल ते मितेशने. दोन्ही जिथे भेटतात तिथे मी बसते."

बुधवारी सकाळी आठला काम सुरू झालं. फरशीचे उरलेले तुकडे पोफळीच्या बागेकडच्या पडवीत होते. मितेशने पुठ्ठा फटीला लावून पेन्सिलीने उतार आखला, रत्नपालने त्या मापाने ग्राइंडरवर पट्ट्या कापल्या. एका बाजूला निमुळत्या, दुसऱ्या बाजूला जाड. तिसरी पट्टी त्याने उलट कापली. ग्राइंडर थांबला. मितेशने नवा तुकडा पुढे केला.

"बोल ना," रत्नपाल म्हणाला.

"काय बोलू? तुकडे अजून सहा आहेत."

पट्ट्या जमिनीला बसल्या. त्यांच्या आणि कपाटाच्या मधल्या सांध्यात मितेशने सिलिकॉन भरलं, ओलं बोट एका दमात आठ फूट ओढलं. डाव्या टोकाला पट्टी बसेना इतकी जागा अरुंद होती. तिथे नुसतं सिलिकॉन. साडेपाचला काम संपलं. अठ्ठेचाळीस तास पाणी लावायचं नाही, असं सांगून मितेश पेणला निघाला. इंदूबाईंनी रिकामी बादली उलटी घालून ठेवली आणि कोरड्या जमिनीवर आपल्याला जेवण जात नाही, असं दोनदा ऐकवलं.

गुरुवारी पाहणीच्या बाई अलिबागहून निघाल्या होत्या. आगरदांड्याला त्यांची खाडीपार जाणारी फेरीबोट चुकली, पुढच्या बोटीने त्या दिघीला उतरल्या आणि अकरा पंचवीसला घरी आल्या. खोल्या पाहिल्या, टाकी पाहिली. स्वयंपाकघरात त्यांनी बॅटरी लावली, अर्जाचा कोरा कागद घेतला आणि त्याची कड सांध्यावरून उजवीकडून डावीकडे ओढत नेली. जवळजवळ आठ फूट जाईपर्यंत कागद कुठे अडकला नाही, कुठे शिरला नाही. अगदी डावीकडे, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, तो आत गेला.

"हे काम कोणाचं?"

रत्नपाल दारात उभा होता. मितेश नव्हता. डाव्या टोकाला फक्त सिलिकॉन आहे आणि ते मितेशचं, असं तो म्हणू शकला असता.

"आमचं," तो म्हणाला. "दोघांचं."

"दोघांचं म्हणजे? पुन्हा उघडलं तर मी कोणाला धरू? रकान्यात एकच नाव बसतं."

"माझं लिहा," जयमाला म्हणाली. "जयमाला अजित कासारे. आणि मॅडम, आम्ही हे स्वयंपाकघर धुतो. रोज. चार बादल्या. तेही लिहा."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग जाळीकडे. दोन फोटो काढले. एक सांध्याचा, एक जाळीचा. नाव लिहिलं. अहवाल वर जाईल, निकाल मोबाइलवर येईल, एवढं सांगून चहा घेऊन त्या गेल्या.

जयमालाने संध्याकाळी ठाण्याच्या एका कुटुंबाला फोन केला. दिवाळीचे पहिले दोन दिवस त्यांनी विचारून ठेवले होते. "या," ती म्हणाली. "परवाना यायचाय अजून, नाही आला तर आठ दिवस आधी कळवते. पण या."

शुक्रवारी संध्याकाळी सहाला इंदूबाईंनी चार बादल्या ओतल्या. पाणी जाळीत गेलं. जयमालाने सगळ्यात खालचे खण बाहेर काढून कपाटाखाली हात घातला. उजवीकडे कोरडं. मध्ये कोरडं. डावीकडच्या कोपऱ्यात बोटाला ओल लागली. तिने मितेशला फोटो पाठवला. रत्नपालला फोन केला.

"रविवारी येतो," मितेशने लिहिलं. "काकांनापण बोलवा."

"तो येतोय तर मी येतोच," रत्नपाल म्हणाला.

शनिवारी दुपारी एक वाजता जयमालाच्या मोबाइलवर अर्जासमोर अजून 'पडताळणी सुरू' असं दिसत होतं.