धाकट्याचं पाणी

मिठाच्या दाट पाण्याचा अख्खा मग माशाच्या टाकीत रिता झाला, तरी मीठ मोजणाऱ्या मीटरवरचा आकडा पस्तीसच्या जवळपास फिरकेना. मुलीने तो मग पुन्हा बादलीत बुडवला.

"अगं, जरा दमानं," आई स्टुलावरून म्हणाली.

"दम कुठून आणू? बाबांचा फोन येईल एवढ्यात."

बाबा कालपासून दवाखान्यात होते. आज हृदयाचं ऑपरेशन. आत नेण्याआधी ते फोन करणार होते, आणि बायकोची, मुलीची चौकशी करायच्या आधी टाकीतल्या केशरी माशाची करणार, हे दोघींनाही ठाऊक होतं. मुलगी कॉलेजात गेली त्या वर्षी तो घरात आला आणि लगेच तिचा 'धाकटा' झाला. पाण्यातलं मीठ उणं-अधिक झालेलं त्याला सोसत नसे.

"तू सकाळी काही हलवलंस का?"

"मी काय हलवणार? झाकणावर मीठ साचतं, ते पुसते. इतकी वर्षं पुसतेय, कधी काही झालं नाही."

दुसरा मग अर्धा ओतला तेव्हा धाकटा वर आला. पाण्याच्या अगदी वरच्या थराशी तोंड उघडून धापा टाकू लागला. मुलीने त्याला आडोसा द्यावा तसा पाण्यात हात घातला, आणि थबकली. पाणी हाताला नेहमीइतकंच कोमट लागलं. मीटरवर मात्र मिठाच्या आकड्याखाली, तिने पाहिलंच नव्हतं तिथे, तापमान बत्तीस दाखवत होतं.

तिने मान वर केली. मीटरच्या दोन वायरींपैकी जाड वायर पाण्यात होती. तापमान मोजणारी बारकी वायर टाकीवरच्या दिव्याच्या टोपणावर लटकत होती, छान ऊब घेत.

पाणी तापलं की तेवढ्याच मिठाला आकडा चढतो. म्हणून मीटर बारक्या वायरीला पाणी किती गरम आहे ते विचारतो आणि तेवढा आकडा उतरवतो. दिव्याची ऊब त्याने पाण्याची धरली होती. मीठ कमी नव्हतंच.

बारकी वायर पाण्यात सोडून तिने वायरीची रबरी वाटी काचेला चिकटवली. आकडा चढत गेला आणि सदतीसवर थांबला.

"साधं पाणी आण, आई. लवकर!"

आई बारीक धार धरून ओतू लागली. एवढ्यात फोन वाजला. मुलीने ओल्या बोटानेच स्पीकर लावला.

"काय म्हणतोय धाकटा?"

"मजेत आहे, बाबा. पाणी पस्तीस."

"नक्की?"

"हो."

"आई जवळ आहे का?"

आईने जोरजोरात नकाराची मान हलवली.

"नाही. आत आहे."

"मग ऐक. झाकण पुसताना ती बारकी वायर दिव्यावर टांगते आणि विसरते. आकडा उतरतो. मी रोज तिची पाठ वळली की परत पाण्यात सोडतो. तेवढं कर, मीठबीठ घालू नकोस. आणि तिला काही बोलू नकोस हं. झाकण लख्ख झालं की किती खूश असते ती." पलीकडे कुणीतरी त्यांना हाक मारली. "चल, न्यायला आले."

"बाबा, थांबा, आई…"

फोन बंद झाला होता.

आईच्या हातातली धार थांबली होती. मुलीला तिच्याकडे बघवेना, म्हणून तिने मीटरकडे पाहिलं.

"छत्तीस झालं, आई. ओत अजून. हळू."

आईने हातातला मग तिरका केला.

"मी म्हटलं नव्हतं?" ती म्हणाली. "इतकी वर्षं कधी काही झालं नाही."

धाकटा खाली जाऊन दगडाआड शिरला. आई ओतत राहिली. दुसऱ्या हाताने तिने ती बारकी वायर काचेशी दाबून धरली होती, चांगली चिकटलेली असूनही.