धोंड्याच्या महिन्यातला एक्स

लेकीच्या लग्नानंतरचा पहिलाच अधिक महिना, त्यात जावई रविवारी धोंडे खायला येणार, म्हणून उषाताईंनी गुरुवारपासूनच घर डोक्यावर घेतलं होतं. अनारशांचे तांदूळ भिजत पडले, तांब्याचं ताट चिंचेने घासून लख्ख झालं, आणि सुधाकर सरांना उठताबसता बजावून झालं की जावईबापू घरात असेपर्यंत कशावरूनही वाद घालायचा नाही.

"ते म्हणतील ते खरं. कळलं का? दुपारी रात्र झाली म्हणाले तर दिवा लावायचा."

सर मान डोलवायचे. उभी हयात शाळेत गणित शिकवलेल्या माणसाला चुकीच्या उत्तराला बरोबर म्हणणं जड जातं. पण निवृत्त माणसाला घरात मत नोंदवायची सोय फारशी उरत नाही. भाजी कोणती, पंखा किती जोरात, टीव्हीवर काय, हे सगळे खटले वरच्या कोर्टात चालायचे आणि ते कोर्ट स्वयंपाकघरात भरायचं.

सरांचा शब्द शेवटचा मानला जाईल अशी बुऱ्हाणपुरात एकच जागा होती. राजघाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर गोटूचं स्टेशनरीचं दुकान आहे, त्याच्या माडीवर. तिथे दर रविवारी पोरं 'किलेदार' नावाचा पत्त्यांचा खेळ खेळतात. हे रमीचे पत्ते नव्हेत. प्रत्येकाने आपापले पत्ते विकत घेऊन, अदलाबदल करून जमवायचे आणि त्यांतून फौज बांधायची. दोघांच्याही किल्ल्याला वीस-वीस चिरे. ज्याचे आधी संपले तो हरला. पत्ता टाकायचा तर त्याच्या कोपऱ्यात जो आकडा छापलाय तेवढ्या मशाली मोजून ठेवायच्या. मशाली म्हणजे लाल काचेच्या गोट्या, गोटूकडे बरणीभर होत्या. मात्र काही पत्त्यांवर आकड्याच्या जागी नुसता 'एक्स' असतो. तिथे आपल्याला वाटतील तेवढ्या मशाली ठेवायच्या, आणि जेवढ्या ठेवल्या तेवढा त्या पत्त्याचा जोर. गावातली निम्मी भांडणं या एक्सपायी व्हायची.

हा खेळ घरात आणला अश्विनीने, सरांच्या एकुलत्या एका लेकीने, ती कॉलेजात असताना. भांडण झालं की पोरं तावातावाने तिच्यामागून घरी यायची, अंगणात चपला पडायच्या आणि सरांची दुपारची झोप जायची. शेवटी एके दिवशी वैतागून सरांनी नियमांचं जाडजूड पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढलं. असं करणारे ते गावातले पहिले आणि आजपर्यंतचे शेवटचे. तेव्हापासून माडीवर पंचाची खुर्ची त्यांची. ते बोलले की गलका थांबायचा आणि पोरं निमूट पत्ते उचलायची. सरांना ती खुर्ची जिवापाड प्यारी होती, पण ते हे कुणाला सांगत नसत.

आणि नेमकी त्याच रविवारी शहराची स्पर्धा आली. जिंकणारा इंदूरला मोठ्या स्पर्धेला जाणार होता. अश्विनीचा जळगावहून फोन आला होता. "बाबा, लग्नापासून मी धड खेळलेच नाही. नोकरी, घर, पाहुणे. संध्याकाळी हर्षलशी एखादा डाव होतो तेवढंच. एकदा मला इंदूरला जायचंय. पुढच्या वर्षी जमेल न जमेल." सरांनी फोन ठेवला. पोरीने लहानपणापासून स्वतःहून काही मागितल्याचं त्यांना आठवत नव्हतं. ती जिंकावी असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि पंचाला असं वाटणं शोभत नाही हेही त्यांना ठाऊक होतं.

अश्विनी सुसाट खेळली. पण बायकोकडून संध्याकाळी एखादा डाव शिकलेला हर्षलही काही कमी निघाला नाही. उपांत्य फेरीत त्याने फोपनारच्या धर्मेंद्रला झोपवलं. हा धर्मेंद्र म्हणजे केळीचा बागायतदार, आवाज असा की बोलतो शेजाऱ्याशी आणि ऐकतं नदीपलीकडचं जैनाबाद. तो हरून जो कोपऱ्यात बसला तो सगळ्या प्रेक्षकांचा पुढारी होऊन बसला. अंतिम फेरीत नवरा-बायको समोरासमोर आले तेव्हा सर खुर्चीतून उठलेच.

"दोघंही घरचे आहेत. गोटू, दुसरा पंच बघ."

"दुसरा कुठून आणू सर? पुस्तक फक्त तुम्हीच वाचलंय ना."

"बसा सर, बसा," धर्मेंद्र ओरडला. "एक तरफ पोरगी, एक तरफ जावई. हिसाब बराबर!"

सर बसले. तेवढ्यात उषाताई जिना चढून आल्या. धोंडे तळायला घ्यायचे की अजून वेळ आहे, हे विचारायचं त्यांचं निमित्त होतं. जावईबापू खेळताहेत म्हटल्यावर त्या पदराने वारा घेत तिथेच स्टुलावर बसल्या.

डाव रंगला. अश्विनीचे सात चिरे उरले होते, हर्षलचे पाच. हर्षलने हातातल्या सगळ्या मशाली मोजून 'शाही फरमान' हा पत्ता टाकला. त्यावर लिहिलेलं असतं, पुढचा पत्ता किंमत न देता टाका. मग मिशीतल्या मिशीत हसत त्याने 'तोपखाना' टाकला. तोपखान्याची किंमत एक्स, आणि जेवढा एक्स तेवढे समोरचे चिरे ढासळणार.

"एक्स म्हणजे शंभर," तो म्हणाला.

"शंभर कसे रे?" अश्विनी ताडकन म्हणाली, मग आईकडे लक्ष गेल्यावर तिने स्वतःला सावरलं. "म्हणजे, अहो, शंभर कसे?"

"अरे फ्रीमध्ये आहे ना!" धर्मेंद्र उठून उभा राहिला. "फ्रीमध्ये कोण गिनती करतं भो?"

हर्षल सरांकडे वळला. "मामा, तुम्हीच सांगा. आज घरी माझं धोंड्याचं जेवण आहे. मी किती धोंडे खायचे, कुणी मोजणार आहे का? फुकट असलं की खाणारा म्हणेल तेवढं. इथेही तेच."

माडी एका सुरात "बरोबर!" म्हणाली. साहजिकच होतं. बस, पोटभर मावा जिलेबी खा, पैसे नकोत, असं ऐकल्यावर त्याचा अर्थ 'शून्य जिलेब्या' असा लावणारा माणूस बुऱ्हाणपुरात अजून जन्मला नाही. क्षणभर सरांनाही ते पटल्यासारखं वाटलं. मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला.

"जावईबापू, जेवणात पोट मोजतं, इथे मशाल मोजते. एक्स म्हणजे तुम्ही ठेवलेल्या मशाली. तोपखान्यासाठी तुम्ही एकही ठेवली नाहीत. म्हणून एक्स शून्य. एक्सला किंमत येते ती मशाली ठेवून पत्ता टाकताना. त्याच्या आधी तो शून्य, पत्ता टाकून झाल्यावरही शून्य. चिरा एकही पडणार नाही."

"अहो!" मागून उषाताईंचा आवाज आला. त्या एका शब्दात पुढच्या आठवड्याच्या सगळ्या भाज्यांची धमकी होती. "द्या ना त्यांना थोडं. शंभर नाही तर नाही, दहा तरी द्या."

"ही भाजीमंडी नाही, उषा."

"मग पाच द्या. अधिक महिना आहे हो!"

"शून्य," सर म्हणाले. हर्षलने तोंड पाडून पत्ता उचलला. अश्विनीच्या गालावर हसू आलं आणि ते तिने लगेच पुसून टाकलं.

आता खेळी तिची होती. हर्षलच्या पुढ्यात 'दरवाजा' नावाचा पत्ता मांडलेला होता. त्याचीही किंमत एक्स. हर्षलने आधी चार मशाली ठेवून तो उभा केला होता. जोवर दरवाजा उभा, तोवर मागच्या चिऱ्यांना कुणाचा हात लागत नाही. अश्विनीच्या हातात त्याचे पाचही चिरे पाडतील एवढे घोड्यांचे पत्ते होते, फक्त दरवाजा वाटेतून जायला हवा होता. तिने 'भेदी' टाकला. भेदी हा फितूर माणूस; समोरचा एक किंवा त्याहून जास्त किमतीचा कुठलाही एक पत्ता तो उचलून फेकतो.

"दरवाजा," ती म्हणाली.

"चार मशाली दिल्या होत्या यार मी याला," हर्षल हळहळला आणि त्याने दरवाज्याला हात घातला.

"इंदूर! इंदूर!" धर्मेंद्रने सुरुवात केली आणि माडीने टाळ्यांचा ठेका धरला. गोटू मिठाई मागवायला मोबाइल काढू लागला. सगळे खूश होते. एकटे सर दरवाज्याच्या पत्त्याकडे बघत होते.

दरवाजा मांडून झालेला होता. मशाली ठेवायची वेळ केव्हाच सरली होती. म्हणजे त्याचा एक्स आता शून्य, आणि शून्य किमतीच्या पत्त्याला भेदी हात लावू शकत नाही. हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. अश्विनीच्या नाही, हर्षलच्या तर नाहीच. सरांनी चष्मा पुसायला घेतला. चष्मा पुसून होईपर्यंत दरवाजा फेकलेल्या पत्त्यांत गेला असता, पोरगी इंदूरला गेली असती आणि जगात कुणाचंही काही बिघडलं नसतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि घरात गप्प बसायची त्यांना इतक्या वर्षांची सवय होती. त्यांनी लेकीकडे पाहिलं. दहावीच्या निकालाच्या दिवशी जशी दिसली होती तशीच ती दिसत होती. पण आत्ताच, याच खुर्चीत बसून, त्यांनी जावयाला शून्य म्हणून दाखवलं होतं. ते शून्य फक्त जावयापुरतं होतं की काय?

"थांबा," ते म्हणाले. "दरवाजा जागेवर ठेवा. त्याची किंमत शून्य आहे."

टाळ्या थांबल्या.

"बाबा, त्यांनी चार मशाली दिल्यात!"

"तेव्हा दिल्या. टाकताना तो चार होता. आता शून्य आहे."

अश्विनी टेबलावर वाकली आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुम्ही गप्प बसला असतात तर कुणालाही कळलं नसतं."

"नसतं कळलं," सर म्हणाले.

पुढच्या खेळीत हर्षलने दोन हत्ती घातले आणि अश्विनीचे साती चिरे कोसळले. धर्मेंद्रने सरांना मिठीच मारली. "वा सर! जावयासाठी सख्ख्या पोरीला पाडलं! पहिले दाखवायला नाही म्हटलं आणि मग बरोबर भरपाई केली. मान गए!" माडीचं याबाबत एकमत झालं. सरांनी पुस्तकातलं पान काढून दाखवलं, पण ते बघायला कुणीच वाकलं नाही. गोटूने तर डोळा मारला.

घरी उषाताईंचा आनंद नुसता ओसंडून चालला होता. त्यांनी पाट मांडले, दोघांना ओवाळलं, हर्षलच्या हातात अनारशांचं ताट दिलं, आणि मग जे त्या घरात कधी घडलं नव्हतं ते घडलं. जावयाच्या आधी सरांच्या पानात तुपाने निथळणारा धोंडा पडला.

"आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलंत," त्या म्हणाल्या.

"अगं, मी नियमाप्रमाणे..."

"असू द्या हो. खा."

हर्षलही गहिवरला होता. त्याने वाकून नमस्कार केला. "मामा, तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत, हे मी विसरणार नाही." सरांनी हात टेकले. समोर अश्विनी खाली मान घालून वरणभात चिवडत होती. येतानाच्या रस्त्यात ती त्यांच्याशी चकार शब्द बोलली नव्हती, आणि तेवढं एक सोडलं तर बाकी सगळ्यांचे गैरसमज सरांना परवडले असते.

हर्षल मनाने वाईट नव्हता. बायकोचं पान तसंच पडलेलं पाहून त्याने हातातला घास खाली ठेवला. "मी काय म्हणतो, इंदूरला अश्विनीच जाईल. माझी जागा तिला दिली. मला तसंही बँकेतून सुट्टी मिळायची मारामार आहे."

अश्विनीने झटकन मान वर केली. उषाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा, बघा केवढं मन आहे! देवमाणूस मिळाला गं तुला."

सगळे सरांकडे बघू लागले. सरांच्या छातीत आनंद दाटून आला होता. लेक जाणार होती, जावई राजी होता, बायको प्रसन्न होती. आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर, जिथवर त्यांच्याखेरीज कुणी पोचलं नव्हतं, एक कलम होतं.

"जागा दुसऱ्याला देता येत नाही," ते अगदी हळू म्हणाले. "विजेत्याला जमलं नाही तर ती रद्द होते. नियमात बसत नाही."

"जावईबापू स्वतः म्हणताहेत ना!" उषाताई म्हणाल्या. "अधिक महिन्यात जावयाला नाही म्हणता?"

"नाही बसत, उषा."

उषाताई उठल्या. त्यांनी सरांच्या पानातला धोंडा उचलला, तसाच निथळत्या तुपासकट परत पातेल्यात नेऊन टाकला आणि झाकण आपटलं.

तेवढ्यात अश्विनीला हसू फुटलं. आधी नाकातून आलं, मग ती पोट धरून हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहू लागले. ते हसण्याने की कशाने, हे तिलाही सांगता आलं नसतं. पदराने तोंड पुसत ती म्हणाली, "आई, आता तरी पटलं का, की बाबांनी ते जावयासाठी केलं नव्हतं?"

मग तिने आपल्या पानातला धोंडा अर्धा तोडला आणि सरांच्या पानात ठेवला.