गप्प राहिलेलं रक्त

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली भिसेगावचा सहदेव मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात पडून होता. कर्जत-खालापूर रस्त्यावर तांदळाचा टेंपो चालवणारा धडधाकट गडी, पण कितीतरी दिवस डोकं ठणकत होतं, ताप हटत नव्हता. तपासणीत एड्सचा विषाणू निघाला. डॉक्टरीणबाईंना वाटत होतं, मेंदूच्या आवरणात बुरशीही शिरली असावी. खात्रीसाठी पाठीच्या मणक्यातलं पाणी काढायला हवं होतं.

"मणक्यात सुई नको," सहदेव म्हणाला. "आमच्या आळीत एकाचे पाय गेले म्हणतात. रक्तावरनं काय ते बघा."

रक्त पाठवलं. बुरशीशी लढणारी द्रव्यं त्यात सापडली नाहीत. सहदेवला हायसं वाटलं. त्याची बायको आवडी मात्र बाईंचा चेहरा न्याहाळत होती.

"बाई, बुरशी नाय निघाली, तर तुमी खूश का नाय?"

"कारण आम्ही बुरशी शोधलीच नाही. शरीर तिच्याशी लढतंय का, एवढंच पाहिलं."

"मग एड्सचं कसं कळलं?"

"तसंच. त्याच्याशी लढणारी द्रव्यं सापडली म्हणून."

"रक्त तेच ना? एकाला वळखलं, दुसऱ्याला नाय?"

बाई खाटेच्या कडेला टेकल्या. "विषाणू आला तेव्हा अंगात ताकद होती. ती त्यानंच खाल्ली. बुरशी नंतर आली असेल, तर लढायला उरलं कोण? शिवाय ही जाड वेष्टण पांघरून असते, सहज ओळखू येत नाही."

सहदेव कोपरावर टेकून उठला. "म्हंजे रक्त गप हाय म्हणून आत कोण नाय, असं नाय. काढा पाणी."

त्या पाण्याच्या थेंबात काळी शाई मिसळली. दाराशी घुटमळणाऱ्या आवडीला बाईंनी सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. काळोखात उजळ कडी दिसत होती, प्रत्येकाच्या मधोमध एक दाणा.

"हीच?"

"हीच. वेष्टणात शाई शिरत नाही, म्हणून कडं दिसतं."

"लई देखणी हाय की," आवडी म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

शिरेतून बुरशीवरचं औषध सुरू झालं. त्यानं भरणाऱ्या हुडहुडीनं खाट हलायची, पण डोकेदुखी हळूहळू उतरली. सहदेव घरी जायच्या आधी एड्ससाठी आवडीचंही रक्त तपासलं. काही निघालं नाही.

"माज्या रक्तानं अजून वळखलं नसंल तर?" तिनं विचारलं.

बाई चमकल्या, मग हसल्या. "म्हणूनच काही महिन्यांनी पुन्हा यायचं. तुझ्या अंगात ताकद आहे, विषाणू असेल तर तोवर रक्त बोलेल."

विषाणूला हरवणारं औषध तेव्हा नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात सहदेव गेला. डोकं मात्र पुन्हा दुखलं नाही. त्यानंतर आवडी एकटीच पुन्हा तपासणीला मुंबईला गेली. तेव्हाही तिच्या रक्तात काही निघालं नाही.