गुरुवारचं दूध

"हे बघ, तू मेथी घेतलीस, पैसं मिळालं. साबण घेतलास, पैसं मिळालं. खर्च आपण करायचा आन् वर त्यांनीच आपल्याला द्यायचं!" विश्वजितनं मोबाइल संयोगिताच्या नाकासमोर धरला. ती मेथी निवडत बसली होती.

"आन् खर्चच न्हाय केला तर?"

"तर काय मिळणार? काय न्हाय."

"मग तेच बरं की. न केलेला खर्च सगळाच्या सगळा मिळतोय."

विश्वजित हसला. शिरोलीच्या एका फाउंड्रीत सुपरवायझर असलेला हा माणूस तसा सरळ. तंबाखू नाही, दारू नाही, व्यसन एकच, ऑफरचं. दोनावर एक फुकट म्हणून आणलेल्या टूथपेस्टी न्हाणीघराच्या फळीवर अजून दाटीवाटीनं उभ्या होत्या. आता बँकेचं नवं क्रेडिट कार्ड आलं होतं. ते मोबाइलला जोडायचं, दुकानातला कोड स्कॅन करायचा, पैसे कार्डातून जाणार आणि त्यातला थोडा हिस्सा परत येणार. वर्षभरात ठरलेला खर्च झाला की कार्डाची वर्षाची फी माफ. एकट्याच्या खर्चानं ते जमणार नाही म्हणून त्यानं बायकोच्या नावाचंही जोडकार्ड मागवलं होतं.

"आन् तू कुठंबी स्कॅन केलंस की मला मेसेज येणार," तो कौतुकानं म्हणाला. "दुकानाचं नाव, रक्कम, समदं. हिशेबाची कटकटच संपली."

संयोगितानं पानांबरोबर देठही पातेल्यात टाकला.

"मला नको ते," ती म्हणाली.

"का?"

याला उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते गुरुवारी संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीजवळ उभं असायचं आणि त्याचं नाव या घरात काढायचं नव्हतं.

त्याचं नाव आकाराम. संयोगिताचा धाकटा भाऊ. वडील गेल्यावर त्यानं बहिणीपुढं हक्कसोडपत्र ठेवलं. बहिणीनं जमिनीवरचा हक्क सोडायचा, भावानं साडीचोळी करायची आणि माहेरचं दार जन्मभर उघडं ठेवायचं, अशी आपल्याकडची रीत. बहिणी सही करतात आणि पदरानं डोळे पुसतात. संयोगितानंही केली असती. पण विश्वजितनं कागद उचलला आणि विचारलं, "हिचा वाटा कुठाय?" त्याचं चुकलं नव्हतं, हीच तर पंचाईत. आकारामचंही चुकलं नव्हतं. म्हशी, वैरण, वडिलांचं दुखणं, सगळं त्यानंच ओढलं होतं. दोघंही बरोबर असले की भांडण मिटत नाही. अंगणात आवाज चढले. आकाराम म्हणाला, "वाटा पायजे तर वाटा घ्या, म्हायेर इसरा." विश्वजितनं तिथल्या तिथं बायकोला सुनावलं, "परत या घराची पायरी चढायची न्हाय." सही राहिली, वाटाही राहिला. ज्या बाईवरून एवढं झालं तिला कोणी काही विचारलंच नाही, आणि याचा राग तिच्या पोटात अजून जसाच्या तसा होता.

संयोगिता पायरी चढली नाही. पण गंगावेशीत म्हशी उभ्या राहतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि माणसं कट्ट्यावर बसून फेसासकट कोमट दूध पितात. तिथं त्या घराची पायरी कुठून येणार? महाद्वार रोडवरच्या मॅचिंग सेंटरमधलं काम सुटल्यावर एका गुरुवारी ती तिकडून चालली होती. म्हशीच्या पलीकडून आकारामनं पाहिलं, तिनंही पाहिलं. मग तो येणाऱ्याजाणाऱ्या कुठल्याही बाईला म्हणावं तसं म्हणाला, "वैनी, दूध घेणार?"

सख्ख्या बहिणीला वैनी! तिला भडाभडा रडू येणार होतं, पण ती "द्या" म्हणाली. दूध प्यायली, पैसे दिले आणि घरी आली. पुढच्या गुरुवारी परत गेली. तेव्हापासून हेच चाललं होतं. तो विकायचा, ती विकत घ्यायची. "यंदा वैरण महाग झाली वैनी," असं तो म्हणाला की घरचं कसं चाललंय ते तिला कळायचं. "दूध जरा पातळ लागलं आज," असं ती म्हणाली की तो तिच्या तोंडाकडं बघून घ्यायचा आणि ग्लासात वरून आणखी एक धार सोडायचा. पैसे मात्र तिनं कधी चुकवले नाहीत आणि त्यानं कधी नाकारले नाहीत. पैसे दिले की ती गिऱ्हाईक. फुकट प्यायली की माहेर झालं.

मॅचिंग सेंटरचा मालक पगार रोख द्यायचा. त्यामुळं हे सगळं आजवर सुरळीत होतं. तिनं नवऱ्यापासून काही लपवलं नव्हतं; त्यानं कधी विचारलंच नव्हतं. आता मात्र फोनच सगळं सांगणार होता. दुधापुरती एक नोट बाजूला काढणं काही अवघड नव्हतं. पण सगळा खर्च उजेडात असताना एकच नोट अंधारात ठेवायची, म्हणजे मग ते लपवणंच की. या विचारानं ती रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिनं मोनाला विचारलं. मोना शेजारच्या काउंटरवर अस्तरं फाडायची, आणि तिच्याकडं असलं कार्ड दिवाळीपासून होतं.

"चांगलं हाय की गं," मोना म्हणाली. "पैसं येत्यात परत. खोटं न्हाय. पण परवा मी राजारामपुरीत भेळ खाल्लो, घरी जातोय तर आमचं घरधनी दारातच. म्हणतंय, भेळीवर भेळ, आन् घरात म्हणतीस पोट बिघडलंय."

"मग तू काय म्हणलीस?"

"काय म्हणणार? आता भेळ खायची झाली की त्येलाच सांगून खातो. चवच गेली बघ."

संयोगिता हसली, पण हातातला डाळिंबी ब्लाउजपीस तिनं किरमिजीच्या गठ्ठ्यात खुपसला. समोरची गिऱ्हाईक बाई म्हणाली, "अवो ताई, लक्ष कुठाय?" लक्ष कुठं होतं ते काय सांगायचं!

शेवटी तिनं विश्वजितला हो म्हटलं. नाही म्हणायला कारण लागतं, हो म्हणायला लागत नाही. त्यानं उत्साहानं तिच्या मोबाइलला कार्ड जोडून दिलं, चार आकडी पिन ठरवून दिला, गल्लीतल्या किराणा दुकानात नेऊन काडेपेटी घ्यायला लावली आणि स्वतःच्या खिशातला फोन वाजल्यावर लहान पोरासारखा खूश झाला.

"आता एक काम करू," बुधवारी सकाळी तो म्हणाला. "घरात नोटा ठेवायच्याच न्हाईत. कार्डाचं बिल खात्यातनं कापून जाणार, तर पैसं खात्यात पायजेत. डब्यात पडून नोटंला काय पिल्लं व्हत्यात?"

त्यानं डब्यातल्या नोटा काढल्या. तिच्या पर्समधल्या काढल्या. आतल्या छोट्या कप्प्यात चौकोनी घडी घालून ठेवलेली नोट होती, तीही काढली. संयोगिता ओट्याशी उभी राहून बघत होती. 'ती राहू द्या' एवढेच तीन शब्द. ते तिला म्हणता आले नाहीत.

गुरुवारी तिनं ठरवलं होतं, आज जायचंच नाही. दुकान सुटल्यावर ती सरळ शिवाजी पेठेतल्या घराच्या दिशेनं चालायला लागली. निम्म्या वाटेत थांबली. आज गेलो नाही तर तो काय समजेल? आजारी समजेल. पुढच्या गुरुवारी नाही गेलो तर काय समजेल? आणि त्याच्या पुढच्या? कोणाच्या हातून निरोप धाडणार? गिऱ्हाईक कधी निरोप धाडतं का? असं करत करत ती गंगावेशीत येऊन पोचली, आणि आकारामनं तिला लांबूनच पाहून ग्लास म्हशीच्या कासेखाली धरला.

"जरा उशीर केला वैनी आज."

"दुकानात गर्दी व्हती," ती खोटं बोलली.

ग्लास हातात आला. कोमट, वर बोटभर फेस. ती कट्ट्याच्या कडेवर बसली आणि पर्स उघडून पुन्हा एकदा कप्पा चाचपला. चिल्लर होती, तीही पुरेशी नव्हती. मान वर केली तेव्हा तिला खुंटीला टांगलेला नवा कोरा कोड दिसला, आणि त्याच्या शेजारी पैसे आले की ओरडणारा तो डबा.

"हे कधी लावलंसा?"

"ह्याच आठवड्यात. बँकवाला आलता, कट्ट्यावर समद्यांस्नी देऊन गेला. पोरं येत्यात, खिशात नोट नसती त्यांच्या."

"माझ्याबी न्हाय आज," संयोगिता म्हणाली.

ती कधी उधार मागणार नाही हे आकारामला ठाऊक होतं. त्यानं म्हशीच्या पाठीवर थाप मारली, इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "राहू दे की मग. अक्का, राहू दे."

अक्का! कितीतरी दिवसांनी हा शब्द तिच्या कानावर पडला. घ्यावं का फुकट? प्यावं आणि पदरानं तोंड पुसून घरी जावं, माहेरवाशिणीसारखं? तिला ते फार फार हवं होतं. पण मग विश्वजितचा शब्द मोडला असता, आणि तोही चोरून. ग्लास परत द्यावा, तर आकारामला पुन्हा वैनी म्हणायलाही तोंड राहिलं नसतं. आणि स्कॅन करावं, तर शिरोलीत एका खिशातला फोन वाजणार होता. फेस हळूहळू खाली बसत होता. मागं दोन पोरं ग्लासासाठी खोळंबली होती.

"न्हाय," ती म्हणाली. "पैसं घ्यायचं."

तिनं फोन काढून कोडासमोर धरला. पडद्यावर ज्याला पैसे जाणार त्याचं नाव आलं. तिला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं दाबलं, स्वतःलाच पैसे पाठवतोय. तिनं परत वाचलं. संयोगिता दूध केंद्र.

"हे काय नाव?"

आकाराम खाली वाकून म्हशीचं दावं नीट करायला लागला. ते नीटच होतं.

"बँकवाला म्हणला, धंद्याचं नाव सांगा, रिकामी जागा चालत न्हाय. मला दुसरं सुचलं न्हाय."

"आन् हे बरं सुचलं!"

"जुनं गिऱ्हाईक हाय न्हवं तुम्ही," तो मान वर न करता म्हणाला.

संयोगितानं पिन टाकला. डबा साऱ्या कट्ट्याला ऐकू जाईल असा ओरडला, पैसे मिळाले म्हणून. मग ती सावकाश, एकेक घोट घेत दूध प्यायली. आकारामनं न विचारता वरून एक धार सोडली, तीही प्यायली. ती उठताना तो म्हणाला, "या वैनी," आणि ती म्हणाली, "येतो."

विश्वजित घरी आला तेव्हा ती भाकरी थापत होती. त्यानं बूट काढले, हातपाय धुतले, पण नेहमीसारखा टीव्ही लावला नाही. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. फोन हातात होता.

"संयोगिता दूध केंद्र," त्यानं वाचलं. "हे कोण?"

"आकाराम."

तव्यावरची भाकरी फुगली. तिनं ती उलटली.

"घरी गेलतीस?"

"न्हाय. कट्ट्यावर. दर गुरुवारी जातो. गिऱ्हाईक म्हणून जातो, दूध पितो, पैसं दितो, येतो." तिनं तव्यावरून नजर उचलून सरळ त्याच्याकडं पाहिलं. "पायरी चढलेली न्हाय मी."

"सख्ख्या भणीकडनं पैसं घेतंय ते?" विश्वजित उसळला. "दूध फुकट पाजवलं न्हाय व्हय त्येला?"

"पाजवालता. आजच म्हणला राहू दे. मीच घेतलं न्हाय."

"का?"

"फुकट घेतलं असतं तर म्हायेर झालं असतं. तुम्ही नको म्हणलाय."

विश्वजित दारातून मागं फिरला. तो बाहेरच्या खोलीत जाऊन बसला. त्या रात्री तो जेवला, पण आमटीत मीठ नव्हतं तरी काही बोलला नाही.

नंतरही तो जा म्हणाला नाही, जाऊ नको म्हणाला नाही. पुढच्या गुरुवारी त्याच्या देखत तिनं पर्समध्ये फोन टाकला, तेव्हा तो वर्तमानपत्रात तोंड घालून बसला होता. संयोगिताचा जीव मात्र टांगणीलाच होता. दर गुरुवारी कोड स्कॅन करताना तिला वाटायचं, आज कार्ड चालणार नाही, त्यानं बंद केलं असेल. कार्ड चालत राहिलं.

महिना भरला आणि बिल आलं. विश्वजित हौसेनं ते मोठ्यानं वाचायला बसला. संयोगिता मेथी निवडत होती.

"पेट्रोल, बरोबर. किराणा, बरोबर. ह्यावर कॅशबॅक आलाय बघ. मेडिकल, तुझ्या गोळ्या, बरोबर." त्याचं बोट पडद्यावर सरकत होतं. मग आवाज थांबला. बोटही थांबलं. त्याला काय दिसतंय ते तिला माहीत होतं. तिचंच नाव होतं, एकाखाली एक.

त्यानं बोटानंच त्या ओळी मोजल्या.

"दुधावर कॅशबॅक मिळत न्हाय," शेवटी तो म्हणाला.

"म्हाईत हाय," संयोगिता म्हणाली आणि पुढची जुडी सोडली.

विश्वजितनं अंगठ्यानं पडदा वर सरकवला. "बाकी समदं बरोबर हाय," तो म्हणाला आणि पुढचं वाचायला लागला.